गाडी डावीकडे ओढते

मासुलकसाचा घाट मागे पडला, रस्ता सरळ झाला आणि मामेभावाने स्टेअरिंगवरचे हात उचलले. पूर्ण सोडले नाहीत, तळवे बोटभर अंतरावर धरून ठेवले. गाडी साठच्या वेगात होती. पुढे-मागे कोणी नव्हते. मी मनात आकडे मोजू लागलो. चारपर्यंत पोहोचलो तोवर गाडी डाव्या पांढऱ्या पट्टीला टेकायला आली होती. त्याने तिला वळती करून घेतले.

"पाहिलं दादा? पावसाळ्यापासून अशीच ओढून रायली. नागपूरवरून परत आलो का उजवा खांदा भरून येते."

मामेभाऊ देवरीत भाड्याची गाडी चालवतो. लग्नाची वरात, गोंदियाच्या सरकारी मेडिकल कॉलेजात न्यायचे पेशंट, नागपूर विमानतळावर सोडायचे पाहुणे, अशी त्याची कामे. गाडी रोज घराबाहेर गेली तरच घर चालते.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी यंदा 'न दिसणारी कामे' हा विषय दिला, तेव्हा मला पहिल्यांदा आठवला तो त्याचा खांदा. रंगकाम केले तर गाडी चकाकते, नवा टायर घातला तर काळाभोर दिसतो. चाकांचे अलाइनमेंट करून घ्या, काही शे रुपये द्या, गाडी जशी नेली तशीच दिसत परत येते. झाले की नाही, बरोबर झाले की बिघडवले, हे कळायला हजारो किलोमीटर जावे लागतात. तोवर टायर गेलेला असतो. मग दुकान निवडायचे कशावरून? एवढाच प्रश्न घेऊन मी पोळा झाल्यावर देवरीला गेलो. हलके धान निसवले होते, पाऊस जायच्या बेतात होता आणि रस्त्यांची वर्षातली सगळ्यात वाईट अवस्था होती. चाकांच्या प्रश्नाला याहून चांगला मुहूर्त नाही.

डाव्या चाकाचे दुखणे

देवरी महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला आहे. पुढे थोड्याच अंतरावर बाघनदी आणि छत्तीसगडची हद्द. गुजरातेतल्या हजिऱ्याहून ओडिशातल्या पारादीप बंदराकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ इथून जातो. जुनी माणसे अजून त्याला 'सहा नंबर' म्हणतात, फेररचनेआधी त्याचा तोच क्रमांक होता. भिलाई-रायपूरकडचे लोखंड आणि सिमेंट घेऊन ट्रक रात्रंदिवस नागपूरकडे जात असतात. असा रस्ता जिथे असतो तिथे टायरवाले असतातच. खांबाला टांगलेला जुना टायर हीच पाटी, शेजारी धडधडणारा कॉम्प्रेसर, पंक्चर शोधायला पाण्याने भरलेले अर्धे पिंप.

पण देवरीच्या गाड्यांची चाके बिघडतात ती महामार्गावर नाही. ती बिघडतात चिचगडकडे, ककोडीकडे, आतल्या जंगलगावांकडे जाणाऱ्या अरुंद डांबरी रस्त्यांवर. समोरून ट्रॅक्टर आला की दोघांपैकी कुणाला तरी खाली उतरावे लागते. उतरते ते नेहमी डावे चाक. डांबराची कड पावसाने खाऊन वीतभर उंच झालेली असते, खाली मुरूम वाहून गेलेला. चाक उतरताना आपटते आणि वर चढताना तीच कड टायरच्या कुशीवर घासते. त्यात धानाच्या चिखलणीची लोखंडी चाके घातलेला ट्रॅक्टर या बांधीतून त्या बांधीत जाताना रस्त्यावरूनच जातो आणि डांबरावर दातांच्या रांगा उमटवून जातो. दिवसातून वीस वेळा डावे चाक असे उतरते-चढते. मामेभावाच्या गाडीचा पुढचा डावा टायर पाहिला. आतल्या कडेला नक्षी जवळजवळ संपली होती, बाहेरच्या कडेला शाबूत. उभे राहून पाहिले तर टायर चांगलाच वाटे. वाकून, मान आत घालून पाहिल्यावर कळले.

महामार्ग नागझिरा आणि नवेगाव या दोन जंगलांच्या मधून येतो. रात्री रस्त्यात चितळ, रानडुक्कर उभे राहते. कचकन ब्रेक दाबायची वेळ आली आणि गाडी आधीच एका बाजूला ओढत असेल, तर ती कुठे जाईल ते चालवणाऱ्याच्या हातात राहत नाही. म्हणून हा विषय टायरच्या खर्चापुरता नाही, असे मला वाटते.

सूत आणि खडू

महामार्गाकडेच्या एका टपरीवजा गॅरेजात साठी उलटलेले एक मिस्त्री भेटले. काळी-पिवळी जीप हीच या भागाची बस होती, त्या काळात ते हा धंदा शिकले. त्या जिपांना पुढेही अखंड आस असायची. आज त्यांच्याकडे मशीन नाही आणि 'अलाइनमेंट करून देतो' असे ते कुणाला सांगतही नाहीत. "आता गाड्या नाजूक झाल्या जी. माह्यावाल्या मापानं ट्रॅक्टर चालते, कार नाही." पण माप कसे घ्यायचे ते दाखवा म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले.

त्यांनी गाडीचा पुढचा भाग जॅकवर उचलला. उजवे चाक हाताने गरगर फिरवले आणि विटेवर हात टेकवून खडूचे टोक टायरच्या मधोमध धरले. फिरत्या चाकावर एक पांढरी रेघ उमटली, केसासारखी, सगळ्या घेराभर. डाव्या चाकावर तसेच. मग गाडी खाली सोडून चार पावले पुढे-मागे ढकलली, म्हणजे चाके आपल्या जागी बसतात. लांब गजाला एका टोकाला खिळा ठोकलेला, दुसऱ्या टोकाला सरकणारी पट्टी. चाकांच्या मागच्या बाजूला, आसाच्या उंचीवर, या रेघेपासून त्या रेघेपर्यंतचे अंतर घेतले. तोच गज पुढच्या बाजूला आणून लावला. खिळा रेघेवर, पट्टी मात्र रेघेच्या पलीकडे गेली.

"दीड सूत कमी आहे पुढं. चाकं एकमेकांकडं पायते."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुतार, गवंडी आणि मिस्त्री यांचे हे माप अजून जिवंत आहे. मी नंतर हिशेब करून पाहिला. मोटारीच्या टायरच्या व्यासावर अर्धा सूत फरक म्हणजे मशीनच्या पडद्यावर साधारण नऊ-दहा मिनिटे. अंशाचा साठावा भाग ते मिनिट. मिस्त्रींच्या गजाला अर्ध्या सुताच्या खालचे दिसत नाही. आजच्या कारला त्याच्या निम्मे-पाव अचूक लागते. मशीन लागते ते यासाठी, आणि हे मिस्त्रींना माझ्याआधी माहीत होते.

मग त्यांनी न विचारता आणखी एक काम केले. चाक पुन्हा उचलून दोन्ही हातांनी घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरले आणि हलवले. मग बारा आणि सहाच्या जागी. कान चाकाजवळ नेलेला. आडव्या हलवण्यात बारीक 'टक' ऐकू आले.

"टाय रॉड एन्ड गेला जी हा. हा ढिला असन तं लाखाची मशीन आणा, अलाइनमेंट टिकत नाही. पहिले हे बदला, मंग जा गोंदियाले."

त्या 'टक'साठी त्यांनी पैसे घेतले नाहीत. सुटा भाग तिथेच मागवून बदलून दिला, त्याची मजुरी तेवढी घेतली.

तीन कोन

अलाइनमेंट हा शब्द देवरीत सगळे एकदम उच्चारतात, 'अलाइनमेंट-बॅलन्सिंग', एका श्वासात. ही कामे वेगळी आहेत. ऐंशी-नव्वदच्या वेगात स्टेअरिंग थरथरत असेल तर चाकाच्या वजनाचा तोल गेलेला असतो. रिमला शिशाचे किंवा लोखंडाचे छोटे तुकडे लावून तो सांभाळतात. ते बॅलन्सिंग. गाडी ओढत असेल, स्टेअरिंग वाकडे धरल्यावर गाडी सरळ जात असेल, टायर एका कडेने झिजत असेल, तर चाकाचे कोन पाहायचे. ते अलाइनमेंट.

कोन तीन. टो, कॅम्बर आणि कॅस्टर. पायाचे अंगठे आत वळवून चालून पाहा, तो टो-इन. बाहेर फाकवून चाललात तर टो-आउट. चाकाशेजारी ओळंबा सोडला तर चाक त्याला समांतर उभे आहे की वरून आत-बाहेर कलले आहे, तो कॅम्बर. आणि सायकलच्या पुढच्या दांडीला जो तिरपा कल असतो, ज्याच्या जोरावर हात सोडूनही सायकल सरळ जाते, तो कॅस्टर.

टायर खाण्यात टो सगळ्यात पुढे. एका चाकाचा टो फक्त सहा मिनिटे, म्हणजे अंशाचा दहावा हिस्सा, चुकला असे धरा. ते चाक दर किलोमीटरला पावणेदोन मीटर आडवे घासत जाते. देवरी ते नागपूर आणि परत, एवढ्या एका फेरीत जवळजवळ अर्धा किलोमीटर फरफट. दिसत काही नाही. पण टायरवरून तळहात आडवा फिरवला तर कळते. मांजरीच्या पाठीवरून हात फिरवावा तसे: एका दिशेने मऊ, उलट्या दिशेने बारीक दात लागतात. दुकानात जाण्याआधी हे ज्याने त्याने घरी करावे. याला काहीही लागत नाही.

बंडीचा सुतार हे सगळे आपल्या पद्धतीने जाणत होता. तुंब्यात आरे बसवताना, त्यावर लोखंडी धाव चढवताना चाक कणभर वाकडे बसले तर बैलांच्या खांद्याला ते कळते. मोटारीत बैल नाही, म्हणून चालवणाऱ्याचा खांदा भरून येतो.

वळणाचा हिशेब आणखी निराळा. वळताना आतले चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळावे लागते, कारण त्याला लहान वर्तुळात फिरायचे असते. म्युनिकच्या लांकेन्स्पर्गर या बग्गी बनवणाऱ्या कारागिराने यावर जोडणी शोधली आणि रुडॉल्फ अकरमनने १८१८ मध्ये लंडनला तिचे पेटंट घेतले. घोडागाडीसाठी शोधलेली ती युक्ती मामेभावाच्या गाडीखाली आजही आहे. टाय रॉड हा तिचाच एक हात.

हिरवे आकडे

माझी स्वतःची गोष्ट इथेच सांगतो. काही वर्षांपूर्वी एका शहरात मी चारही टायर नवे घातले आणि शेजारच्याच दुकानात अलाइनमेंट करून घेतले. दुकान चकचकीत होते, बसायला सोफा, काचेपलीकडे मशीन. बारा-पंधरा मिनिटांत मुलाने पडदा दाखवला, सगळे आकडे हिरवे. मी समाधानाने पैसे दिले. पाच महिन्यांनी पुढच्या दोन्ही टायरांच्या आतल्या कडेने तारा दिसू लागल्या. दुसऱ्या मिस्त्रीने गाडी उचलून लोअर आर्मचे रबरी बुश दाखवले, चिरून गेलेले. उभ्या गाडीत चाक हिरव्या आकड्यावर उभे राही. चालत्या गाडीत, ब्रेक दाबला की ते हवे तसे सरके. पडद्याने खोटे सांगितले नव्हते. चाक मोजण्याआधी खाली कुणी वाकलेच नव्हते. टायरच्या तारा पाहताना आठवली ती त्या महिन्यांतली एक रात्र. पावसात मुलांना मागे बसवून मी याच गाडीने घाटातून आलो होतो. अजून त्या विचाराने पोटात गोळा येतो.

तेव्हापासून कोणत्याही दुकानात गेलो की मी आधी उभा राहून दुसऱ्याची गाडी पाहतो. गोंदियात हेच केले. पहिल्या दुकानात गाडी रॅम्पवर चढली, चाकांना क्लॅम्प लागले आणि लगेच पाना फिरू लागला. आम्ही चहा पिऊन निघालो.

दुसऱ्या ठिकाणी आयटीआय केलेला एक तरुण होता. त्याने मामेभावाला आधी विचारले, "भाऊ, होते का ते सांगा. ओढते, का थरथरते, का स्टेअरिंग वाकडं आहे?" मग चारही टायरांची हवा मोजली, डावीकडच्या पुढच्यात चार पॉइंट कमी. दाराच्या चौकटीवरचा स्टिकर पाहून त्याप्रमाणे भरली. डिकीतून आमच्या बॅगा, पाण्याचा कॅन आणि कुणीतरी विसरलेले खताचे पोते बाहेर काढायला लावले, कारण मागे वजन असेल तर गाडीची बैठक बदलते. रॅम्पवर घेतल्यावर चाके हलवून पाहिली, लिंक रॉड, बॉल जॉइंट, बुश, सगळ्यांवर टॉर्च मारला. नव्या टाय रॉड एन्डवर बोट ठेवून म्हणाला, "हे आताच बदललं ना? बरं केलं."

मग चारही चाकांवर ठिपक्यांच्या पाट्या बसल्या. समोरच्या खांबावरचे कॅमेरे त्यांच्याकडे पाहतात. त्याने गाडी हळूच हातभर मागे ढकलली आणि पुढे आणली. रिम वाकडी असली किंवा पाटी थोडी तिरपी बसली, तरी चाक खरे कोणत्या अक्षाभोवती फिरते ते या ढकलण्यातून मशीनला कळते. घाईच्या दुकानात हीच पायरी सुटते. पुढची चाके फिरत्या तबकड्यांवर होती; स्टेअरिंग डावीकडे आणि उजवीकडे वळवून कॅस्टर घेतला. पडदा उजळला. टोचे दोन आकडे लाल, डाव्या चाकाचा कॅम्बर पिवळ्याच्या काठावर.

त्याने या आकड्यांचा पहिला कागद तेव्हाच काढून आमच्या हातात दिला. काम सुरू करण्याआधी. मला हा कागद सगळ्यात मोलाचा वाटतो. नंतरचा कागद सगळेच देतात. आधीचा ज्याच्याकडे असतो, त्याच्याकडे पुढच्या वेळी विचारायला जागा असते.

आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांत पुढे फक्त टो बदलता येतो. मागचा आस एकसंध, त्याला पाना लागत नाही. म्हणून 'चारही चाकांचे अलाइनमेंट' असे सांगून जास्त पैसे मागणाऱ्याला, मागे नेमके काय फिरवणार, हे विचारायला संकोच करू नये. मोजणे चारही चाकांचे हवेच. मागची चाके वाकडी ढकलत असतील तर पुढे केलेले काम फुकट जाते.

स्टेअरिंग सरळ धरून त्याला कुलूप लावले, लॉक नट सैल केले आणि टाय रॉड पाव-पाव वळसा फिरवत दोन्ही बाजू सारख्या केल्या. दोन्ही बाजूंची बेरीज बरोबर पण वाटणी चुकीची, असे झाले की गाडी सरळ आणि स्टेअरिंग वाकडे राहते. नट आवळल्यावर आकडे परत पाहिले, कारण आवळताना ते हलतात. पाऊण तास गेला.

ओढ कुणाची

मग तो स्वतः गाडी घेऊन रस्त्यावर निघाला, आम्ही दोघे मागे. गाडी अजून डावीकडे ओढत होती. पहिल्यापेक्षा कमी, पण ओढत होती.

रस्ताच थोडा उतरता असतो, शंभराला दोन-अडीच, पाणी वाहून जावे म्हणून. त्यामुळे गाडीने डावीकडे किंचित कलणे साहजिक आहे. हे त्याने सांगितले आणि तेवढ्यावर आमची बोळवण करता आली असती. त्याने केली नाही. थांबून उतरला, चारही रिमांजवळ हात नेला, कुठला ब्रेक चिकटून तापतो का ते पाहायला. नाही. मग दुकानात परत आणून पुढचे दोन टायर डावी-उजवी अदलाबदल केले. पुन्हा रस्त्यावर. आता गाडी उजवीकडे ओढू लागली.

"टायरच आहे हा भाऊ. एका कडेनं इतका झिजला का सुरईसारखा झाला. तो आपल्या बाजूनं लोळते. अलाइनमेंट आता बरोबर आहे, पण हा टायर पुढं ठेवू नका."

हात फिरवून टायरला कुठे फुगा आला आहे का ते त्याने तपासले. नव्हता. तो टायर मागे गेला, मागचा बरा पुढे आला. अदलाबदलीचे पैसे सांगितले नाहीत, मामेभावाने आग्रहाने दिले. नवा टायर आमच्याकडूनच घ्या, असेही तो म्हणाला नाही. नक्षीच्या खोबणीत आडवी उंच पट्टी असते, ती १.६ मिलिमीटरची खूण. टायर झिजून तिच्या बरोबरीला आला की बदला, आतल्या कडेला ती आधी दिसेल, एवढे दाखवून दिले.

देवरीहून कुठे

देवरीच्या गाडीवाल्याला तीन वाटा आहेत. आमगावमार्गे गोंदिया, साठ-सत्तर किलोमीटर. हद्द ओलांडून राजनांदगाव, साधारण तेवढेच, पण रस्ता चौपदरी. आणि नागपूर, दीडशेच्या आत. स्टँडवरच्या चालकांना विचारले तर प्रत्येकाचे मत पक्के. एमएच-३५च्या गाड्या राजनांदगावला जातात आणि सीजी-०८च्या इकडे येतात. मशीन कुठली नवी, हे कुणीच सांगितले नाही. सांगितले ते असे: 'तो आपल्याले गाडीखाली येऊ देते', 'तो नाही म्हणते, अजून तीन हजार किलोमीटर चालव म्हणते', 'त्याच्याकडं परत गेलो तं तोंड फिरवत नाही'. एका वयस्क चालकाची परीक्षा मला फार आवडली. काम झाल्यावर तो गाडी रॅम्पवरून खाली घेतो, एक चक्कर मारतो आणि परत चढवून पुन्हा माप घ्यायला लावतो. दोन्ही वेळचे आकडे जुळले तर मशीनही बरी आणि माणूसही. पुन्हा मोजायला कुरकुर करणाऱ्याकडे तो परत जात नाही.

नव्या गाड्यांचा प्रश्न यात भर घालतो आहे. काचेमागचा कॅमेरा पट्टी ओळखून स्टेअरिंग सावरणाऱ्या गाड्या तालुक्यातही दिसू लागल्या आहेत. त्यांचे अलाइनमेंट बदलले की स्टेअरिंगचा सेन्सर आणि काही गाड्यांत कॅमेराही नव्याने जुळवावा लागतो. अशा गाडीला सध्या तरी कंपनीच्या वर्कशॉपशिवाय पर्याय मला दिसत नाही.

बाकीच्यांसाठी माझे मत असे. आधी गावातल्या मिस्त्रीकडे गाडी उचलून 'टक' ऐकून घ्यावे, सैल भाग बदलावा, मगच मशीनकडे जावे. लांबचे दुकान परवडते, कारण काम वर्षातून एक-दोनदाच लागते. ते टाळले तर नव्या चार टायरांना पंधरा हजारांच्या आसपास पडतात. मोठा खड्डा बसला किंवा पुढच्या सस्पेन्शनला हात लागला, तर मात्र किलोमीटर मोजत बसू नये.

आमगाव सोडले तेव्हा दिवस कलला होता. मामेभावाने रस्ता रिकामा पाहून पुन्हा तळवे उचलले. मी मोजू लागलो. चार गेले. सात गेले. अकराला गाडी पट्टीकडे जराशी कलली, तेवढ्यात वळणावर गुरे दिसली, जंगलातून परतणारी, रस्ताभर पसरलेली. त्याने स्टेअरिंग धरले, ब्रेक दाबला. गाडी होती त्या रेषेतच थांबली आणि गुराखी पोरगा काठी उंचावून एकेक गाय बाजूला घेऊ लागला.